पहिलं पुस्तक काढताय? सोलापुरात राहून ते कसं करायचं

सोलापुरात पहिलं पुस्तक काढू पाहणारा माणूस भेटला की त्याचा प्रश्न ठरलेला असतो, "हजार प्रती छापायला किती खर्च येईल?" मी मुद्रितशोधनाचं, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका तपासण्याचं काम करते, त्यामुळे हस्तलिखितांसोबत हा प्रश्नही माझ्याकडे येतो. मी त्यांना आधी एक वही घ्यायला सांगते. हे पुस्तक पैसे देऊन विकत घेतील अशा माणसांची आणि संस्थांची नावं त्या वहीत लिहून काढायची. प्रतींचा आकडा त्या वहीतून निघायला हवा. छापखान्याच्या दरपत्रकात प्रती वाढल्या की प्रत स्वस्त होत जाते, हे खरंच आहे. पण स्वस्तात छापलेल्या सातशे प्रती दिवाणाखाली गठ्ठ्यात पडून राहिल्या, तर ती स्वस्ताई कुणाच्या उपयोगाची? लेखकाच्या घरात पडून राहिलेली पुस्तकं बघून जीव तुटतो, कारण त्यातली कितीतरी वाचण्यासारखी असतात. त्यांना वाचक नव्हता असं नाही. तो कुठे आहे, हे छापण्याआधी कुणी शोधलं नव्हतं.

म्हणून सगळं त्या वहीपासून सुरू करू.

आधी वही

समजा, तुमची कादंबरी विडी कामगार बायकांच्या आयुष्यावर आहे. तिचे वाचक कोण? कामगार वस्त्यांत वाढून आता पुण्यात नोकरी करणारी मुलं-मुली, कामगार संघटनांचे कार्यकर्ते, विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयांच्या मराठी व समाजशास्त्र विभागांतले प्राध्यापक, जिल्ह्यातली सार्वजनिक ग्रंथालयं, महिला मंडळं. यातल्या ज्यांना तुम्ही ओळखता त्यांची नावं नंबरासकट लिहा. ज्यांना ओळखत नाही त्यांच्यापर्यंत कुणामार्फत पोचता येईल तेही समोर लिहा. "सर्व मराठी वाचक" अशी नोंद वहीत चालणार नाही, कारण त्यांना फोन करता येत नाही.

विषय बदलला की यादी बदलते. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांवरच्या किंवा वचन साहित्यावरच्या (लिंगायत संतांच्या कन्नड वचनांवरच्या) पुस्तकाचा वाचक सोलापुरात आहे, तसाच अक्कलकोटला आहे, सीमेपलीकडे विजयपूर-कलबुर्गीकडेही आहे. तिकडचा वाचक बहुधा कन्नडमधून वाचेल, म्हणजे अनुवादाचा विचार पहिल्याच दिवशी करायला हवा. यंत्रमागावरच्या पुस्तकाला शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांमध्ये वाचक आहे. आपलं शहर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांत बोलतं. इथल्या लेखकाला हे फार मोठं भांडवल आहे आणि बहुतेक जण ते वापरतच नाहीत.

कवितासंग्रह असेल तर यादी आणखी कठोरपणे करा. कवितेवर प्रेम करणारे पुष्कळ असतात, संग्रह विकत घेणारे थोडे. पहिल्या संग्रहाच्या दोनशे-अडीचशे प्रती पुरतात. संपल्या तर पुन्हा छापता येतात, आता डिजिटल छपाईमुळे पन्नास प्रतीसुद्धा निघतात.

हस्तलिखित तयार करणं

लिहून झाल्यावर महिनाभर तरी ते बाजूला ठेवा. मग तीन माणसांना वाचायला द्या: एक विषय जाणणारा, एक भाषा जाणणारा आणि एक निव्वळ आवडीने वाचणारा. "कसं वाटलं?" असं विचारलंत तर "छान आहे" एवढंच ऐकायला मिळेल, कारण माणसं भिडस्त असतात. "वाचताना कुठल्या पानावर खाली ठेवावंसं वाटलं? कुठलं पात्र लक्षात राहिलं नाही? कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं?" असं विचारा. या तीन प्रश्नांची उत्तरं शंभर शाबासक्यांहून उपयोगी पडतात.

संपादन आणि मुद्रितशोधन ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हींसाठी पैसे बाजूला ठेवावे लागतात. संपादक मजकुराची मांडणी बघतो: कुठलं प्रकरण आधी यावं, काय गाळावं, कुठे वाचक हरवतो. मुद्रितशोधक शेवटी येतो आणि अक्षर न् अक्षर तपासतो. शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम आधाराला धरा. त्यातले १४ नियम १९६२ साली आणि पुढचे चार १९७२ साली आले. मात्र हे नियम निवेदनासाठी. पात्रांच्या तोंडची सोलापुरी कुणाला "शुद्ध" करू देऊ नका. बाहेरगावच्या संपादकाला हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवावं लागतं, नाहीतर मागावर उभा असलेला माणूस आणि कॉलेजातला प्राध्यापक दोघंही एकाच साच्यातलं मराठी बोलू लागतात.

आता टंकलेखन. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुस्तकाची सगळ्यात जास्त नासाडी याच टप्प्यावर होते.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे कुठल्याही संगणकावर आणि मोबाइलवर अक्षरं तीच राहतात. शहरातल्या कितीतरी डीटीपी केंद्रांवर अजून श्री-लिपीसारख्या जुन्या टंकांवर (फॉन्टवर) काम चालतं. त्यातला मजकूर युनिकोडमध्ये किंवा युनिकोडमधला त्यात उलटवताना अक्षरं बदलतात. "दुसऱ्या"चं "दुसर्या" होतं, "तऱ्हा"चं "तर्हा" होतं, आणि पानभर नजर फिरवली तरी हे चटकन दिसत नाही. म्हणून अक्षरजुळणी सुरू व्हायच्या आधी एक चाचणी पान करून घ्या. त्यावर हे शब्द टाका: दुसऱ्या, तऱ्हा, हृदय, ह्रस्व, वाङ्मय, उच्छ्वास, क्लृप्ती, शृंगार, ॲसिड, ऑफिस, स्त्री, राष्ट्र. तुम्ही निवडलेल्या टंकात, तुम्हाला हव्या त्या आकारात हे पान छापून बघा. एखादं जोडाक्षर फुटलं, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली किंवा जोडाक्षराऐवजी पाय मोडलेलं अक्षर दिसलं, तर तो टंक बदला. पानांची मांडणी इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये होत असेल तर त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोजर ही सोय चालू आहे ना, एवढं जुळणी करणाऱ्याला विचारा. ती बंद असली की वेलांट्या आणि जोडाक्षरं हमखास विस्कटतात.

दुसरी एक चूक आपल्याकडे सर्रास दिसते, दुकानांच्या पाट्यांपासून लग्नपत्रिकांपर्यंत: "सिध्देश्वर", "प्रसिध्द", "शुध्द". बरोबर रूप सिद्धेश्वर, प्रसिद्ध, शुद्ध. यात आधी द येतो, मग ध. संगणकात "ध्द" शोधा आणि सगळीकडे "द्ध" करा, दोन मिनिटांचं काम आहे. सोलापूरच्या लेखकाच्या पुस्तकात ग्रामदैवताचंच नाव चुकलेलं असू नये.

मजकुरात कुणाचं गाणं, कविता, छायाचित्र, पत्र वापरलं असेल तर परवानगी घ्या आणि तीही लेखी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत असतो आणि मृत्यूनंतर पुढची ६० वर्षं वारसांकडे राहतो. "जुनं आहे, चालतंय" यावर विसंबू नका. आत्मकथनात हयात माणसांबद्दल लिहिलं असेल तर प्रत्येक आरोपाला कागद आहे का, हे एकदा वकिलाला दाखवून घ्या. तुमच्या स्वतःच्या लिखाणाचा कॉपीराइट मात्र लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो. नोंदणी सक्तीची नाही, वाद उद्भवला तर पुरावा म्हणून ती कामी येते.

छापणार कोण?

तीन वाटा आहेत. प्रकाशक स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढतो आणि लेखकाला मानधन देतो, ते सहसा छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतं. नवीन लेखकाला ही वाट अवघड आहे, पण बंद नाही. त्यासाठी पूर्ण हस्तलिखित पाठवण्याआधी एक पानी पत्र पाठवा: पुस्तक कशाबद्दल आहे, किती पानांचं आहे, कोण वाचेल. त्यासोबत एक निवडक प्रकरण जोडा. "कोण वाचेल" या प्रश्नाचं उत्तर तुमच्या वहीत आधीच तयार आहे, आणि प्रकाशकाला नेमकं तेच हवं असतं. त्यांच्या यादीत तुमच्यासारखी पुस्तकं आहेत का हेही बघा. बालसाहित्य काढणाऱ्याकडे समीक्षाग्रंथ पाठवून सहा महिने वाट बघण्यात अर्थ नाही.

दुसरी वाट म्हणजे लेखकाच्या पैशाने प्रकाशकाच्या नावावर पुस्तक. आपल्याकडे बहुसंख्य पहिली पुस्तकं याच वाटेने येतात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण सगळं कागदावर हवं. पैसे किती आणि कुठल्या टप्प्यावर द्यायचे, प्रती किती छापणार, त्यातल्या लेखकाला किती मिळणार, उरलेल्या कोण आणि कुठे विकणार, विक्रीचा हिशोब वर्षातून कधी देणार, मुखपृष्ठाची आणि आतल्या पानांची फाइल कोणाच्या ताब्यात राहणार, हे सगळं लिहून घ्या. शेवटचा मुद्दा बरेच जण विसरतात. फाइल आपल्याकडे नसेल तर दुसऱ्या आवृत्तीला पुन्हा पहिल्यापासून जुळणी करावी लागते.

करारातला "सर्व हक्क प्रकाशकाकडे" हा शब्दप्रयोग दिसला की पेन खाली ठेवा. हक्क देताना ते कोणते, किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी, हे स्पष्ट लिहायला हवं. मुदत लिहिलीच नसेल तर कायद्याने ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. छापील आवृत्तीचा हक्क द्या. ई-बुक, श्राव्य पुस्तक, अनुवाद आणि चित्रपट-नाटकाचे हक्क स्वतःकडे ठेवा. कन्नड किंवा तेलुगू अनुवाद उद्या झाला, तर तो निर्णय तुमच्या हातात असावा.

तिसरी वाट स्वप्रकाशनाची. सगळी कामं स्वतः करायची, सगळे हक्क आणि सगळा गल्लाही स्वतःकडे. ज्यांची वही भरलेली आहे आणि ज्यांना चार लोकांत मिसळायला आवडतं, त्यांना मी हीच वाट सुचवते.

या तिन्हींच्या आधी मात्र एक दार वाजवून बघा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. कविता, कथा, कादंबरी, नाटक, ललितगद्य, बालसाहित्य अशा प्रकारांत, ज्यांचं एकही पुस्तक अजून आलेलं नाही त्यांच्याकडून मंडळ हस्तलिखितं मागवतं आणि निवड झालेल्या हस्तलिखिताच्या प्रकाशनासाठी अनुदान देतं. निवडीला वेळ लागतो. पण घाईने स्वतः छापून टाकलंत तर तुम्ही "नवलेखक" राहत नाही आणि ही संधी कायमची जाते. मंडळाच्या संकेतस्थळावर चालू वर्षाची जाहिरात आणि अटी वाचा, मग ठरवा.

पैशाचा हिशोब

छपाईचे दर कागदाप्रमाणे बदलतात, म्हणून खालचे आकडे फक्त पद्धत कळावी म्हणून धरलेले आहेत. तुमचे आकडे घालून हेच गणित करा.

समजा १६० पानांचं, डेमी (साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या आसपासच्या) आकाराचं पुस्तक आहे आणि ३०० प्रती काढायच्या आहेत. संपादन, मुद्रितशोधन, जुळणी, मुखपृष्ठ, छपाई, बांधणी मिळून खर्च आला ३६,००० रुपये, म्हणजे प्रतीला १२०. छापील किंमत ठेवली २५० रुपये. आता ४० प्रती बाजूला काढा, त्या भेट, परीक्षण, पुरस्कार आणि कायद्याने द्यायच्या प्रतींसाठी. विकायला उरल्या २६०. दुकानदाराला ४० टक्के सवलत दिली तर हातात येतात प्रतीला १५० रुपये, सगळ्या गेल्या तर ३९,००० रुपये. जेमतेम खर्च निघाला. वितरकाला ५० टक्के द्यावे लागले तर १२५ च्या हिशोबाने ३२,५०० रुपये, म्हणजे साडेतीन हजारांचा खड्डा. पण त्याच २६० मधल्या १५० प्रती तुम्ही स्वतः वाचकाला २० टक्के सवलतीत, दोनशे रुपयांना विकल्या आणि उरलेल्या ११० वितरकाला दिल्या, तर ३०,००० अधिक १३,७५० असे ४३,७५० रुपये होतात. पुस्तक स्वतःचा खर्च भागवून पुढच्या छपाईला हातभार लावतं. वहीतली दीडशे नावं किती मोलाची आहेत ते या आकड्यांत दिसतं.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, हे विक्रीच्या वेळी लक्षात असू द्या. छपाईच्या, डिझाइनच्या बिलांवर मात्र कर लागू शकतो, तेव्हा दरपत्रक मागताना "करासहित" विचारा.

पानांची संख्या १६ च्या पटीत बसवा, कारण छापखाना सोळा पानांच्या फर्म्याने मोजतो. १६० पानं म्हणजे बरोबर दहा फर्मे. १६३ पानं झाली तर तीन पानांसाठी नवा फर्मा सुरू होतो. तेव्हा मनोगत आटोपशीर करा, तेवढ्याने ती तीन पानं कमी होतात. कागद आतल्या पानांना ७० किंवा ८० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा), किंचित पिवळसर छटेचा घ्या. पांढऱ्याशुभ्र कागदावर डोळे लवकर शिणतात. जाडजूड पुस्तकाला नुसती गोंदाची बांधणी नको, शिलाई मारून घ्या. आपल्या उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळिसावर जातो, पत्र्याखाली ठेवलेल्या पुस्तकांचा गोंद तडकतो आणि पानं सुटतात.

तीनशेच्या आतल्या प्रतींना डिजिटल छपाई परवडते, पाचशेच्या पुढे ऑफसेट, म्हणजे प्लेट बनवून केलेली छपाई. मधल्या आकड्यांना दोन्हींचे दर मागवा.

आयएसबीएन आणि बाकीची कागदपत्रं

आयएसबीएन हा पुस्तकाची ओळख पटवणारा तेरा आकडी क्रमांक भारतात विनामूल्य मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी तो देते, अर्ज ऑनलाइन असतो आणि स्वतः प्रकाशन करणारा लेखकही तो करू शकतो. या क्रमांकासाठी कुणी वेगळे पैसे मागत असेल, तर ते त्याच्या मेहनतीचे आहेत, क्रमांकाचे नाहीत. पेपरबॅक, पुठ्ठा बांधणी आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. अर्ज मुखपृष्ठ तयार झालं की लगेच करा, छपाईच्या आदल्या आठवड्यात नको.

पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत चार ग्रंथालयांना एकेक प्रत स्वतःच्या खर्चाने पाठवणं १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर बंधनकारक आहे: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. स्वप्रकाशन केलंत तर प्रकाशक तुम्हीच, म्हणजे हे कामही तुमचंच. कंटाळा करू नका. पन्नास वर्षांनी सोलापूरच्या गिरणगावावर संशोधन करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला तुमचं पुस्तक कोलकात्यात सापडेल, ते या एका पार्सलमुळे.

श्रेयपानावर लेखकाचं नाव, हक्क कोणाचा, आवृत्ती आणि तिची तारीख, प्रकाशकाचं नाव-पत्ता, मुद्रकाचं नाव, मुखपृष्ठकार, आयएसबीएन आणि किंमत एवढं हवंच.

मुखपृष्ठ, मलपृष्ठ, प्रूफ

मुखपृष्ठ मोबाइलवर अंगठ्याएवढं करून बघा. पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव वाचता आलं पाहिजे, कारण बहुतेक वाचक ते पहिल्यांदा व्हॉट्सॲपवरच बघणार आहेत. मलपृष्ठावर पुस्तकाबद्दल शंभरेक शब्द पुरे. लेखकाचे सगळे सत्कार तिथे लिहायची गरज नाही. प्रस्तावना मोठ्या नावाच्या माणसाकडूनच हवी, असा हट्ट धरून लोक वर्ष-वर्ष थांबतात. ज्याने पुस्तक खरोखर वाचलंय त्याची दोन पानं घ्या.

प्रूफ, म्हणजे जुळणी झालेल्या पानांची तपासायची प्रत, तीनदा वाचायचं. पहिल्यांदा मूळ प्रतीशी ताडून, दुसऱ्यांदा मोठ्याने, आणि तिसऱ्यांदा मजकूर सोडून फक्त प्रकरणांची शीर्षकं, पानांचे क्रमांक, अनुक्रमणिका आणि पानाच्या माथ्यावरची ओळ. तिसऱ्या वाचनाला सगळे कंटाळतात आणि मोठ्या चुका तिथेच राहतात. मोठ्या अक्षरांत छापलेलं बरोबरच असणार असं डोळा गृहीत धरतो. माणसांची आणि गावांची नावं एका कागदावर काढून ठेवा, म्हणजे पान १२ वरची "गंगव्वा" पान ९० वर "गंगवा" होणार नाही. सगळी छपाई सुरू होण्याआधी एक पूर्ण बांधलेली प्रत मागून घ्या, ती हातात धरून चाळा आणि मगच सही करा.

प्रचार छपाईच्या आधी सुरू होतो

मुखपृष्ठ पक्कं झालं की वहीतल्या प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवा. एकच मजकूर पन्नास ग्रुपवर टाकला की कुणीच तो आपल्यासाठी आहे असं मानत नाही. "तुमच्या वडिलांनी गिरणीच्या भोंग्याबद्दल जे सांगितलं होतं ते चौथ्या प्रकरणात आलंय" असं एक वाक्य लिहा, मग बघा. सोबत प्रकाशनपूर्व सवलतीची किंमत, शेवटची तारीख आणि यूपीआयचा क्यूआर. आगाऊ किती नोंदणी झाली त्यावरून प्रतींचा आकडा शेवटचा ठरवा. छापखान्याला तोवर थांबवा.

समारंभाबद्दल माझं मत ठाम आहे: तो छोटा करा. हुतात्मा स्मृती मंदिर मोठं आणि सुंदर आहे, पण पहिल्या पुस्तकाला ऐंशी माणसं आली तर तिथे ती विखुरली जातात. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ग्रंथालयाच्या जागेत, महाविद्यालयाच्या सभागृहात किंवा महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या स्थानिक शाखेच्या मदतीने केलेला कार्यक्रम वाचकांच्या जवळ जातो. व्यासपीठावर तीन माणसं पुरेत आणि त्यातल्या वक्त्याने पुस्तक वाचलेलं असावं, प्रत त्याला महिनाभर आधी द्या. शाली, नारळ, हार, सत्कारमूर्तींची यादी यात दीड तास जातो आणि पुस्तकाबद्दल बोलायला दहा मिनिटं उरतात, असं होऊ देऊ नका. लेखकाने स्वतः चार पानं वाचून दाखवावीत. दाराशी विक्रीचं टेबल, सुट्टे पैसे, क्यूआर आणि पावतीपुस्तक घेऊन एक हुशार माणूस बसवा, आणि तो नातेवाईकांनाही पुस्तक विकतच देईल असं बघा.

तारीख निवडताना गावाचं पंचांग बघा. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रा आणि तिची गड्डा ही जत्रा असते, आषाढीला निम्मा जिल्हा पंढरपूरकडे तोंड करून असतो, कोजागिरीला लोक तुळजापूरला चालत जातात. एप्रिल-मेमध्ये करायचंच असेल तर ऊन उतरल्यावर, संध्याकाळी. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, या दिवसांना शाळा-महाविद्यालयं स्वतःच वक्ते शोधत असतात. दोन महिने आधी त्यांना पत्र द्या.

वर्तमानपत्रांच्या स्थानिक कचेऱ्यांत प्रत देताना सोबत एक पानाची माहिती, मुखपृष्ठाची चांगली प्रतिमा आणि तुमचा फोन नंबर द्या. बातमी वेगळी, परीक्षण वेगळं, दोन्हींसाठी वेगळी माणसं गाठा. आकाशवाणीच्या सोलापूर केंद्राला पत्र लिहून पुस्तकाचा विषय कळवा. समाजमाध्यमांवर "माझं पुस्तक घ्या" असं रोज लिहिण्यापेक्षा पुस्तकातला एक उतारा, त्यामागचं एक जुनं छायाचित्र, लिहिताना सापडलेली एक माहिती असं आठवड्यातून एकदा टाका.

संगमेश्वर, वालचंद, दयानंद अशा महाविद्यालयांच्या मराठी विभागांत जाऊन भेटा. पुस्तक अभ्यासक्रमाला लावा, असं पहिल्याच भेटीत म्हणू नका. विद्यार्थ्यांशी तासभर बोलायची तयारी दाखवा. तासाच्या शेवटी दहा प्रती जातात, आणि त्या दहांतला एखादा विद्यार्थी पुढे त्यावर लिहितो.

ग्रंथालयं आणि टपाल

१९६७ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रातल्या शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि त्यांना मिळणाऱ्या अनुदानातला काही भाग पुस्तक खरेदीसाठी असतो. आपल्या अकरा तालुक्यांत अशी ग्रंथालयं गावोगाव आहेत. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून यादी मिळवा आणि बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला, करमाळा अशा तालुक्याच्या ठिकाणी एकेक फेरी ठरवा. ग्रंथपालांना प्रत चाळायला द्या, बिल आणि आयएसबीएन व्यवस्थित ठेवा. जिल्ह्याचा ग्रंथोत्सव भरतो तेव्हा सगळे ग्रंथपाल एका जागी भेटतात. तिथे स्वतंत्र गाळा परवडत नसेल तर दोन-तीन नवे लेखक मिळून एक घ्या.

बाहेरगावच्या वाचकांना प्रत पाठवायला टपाल खात्याने १ मे २०२५ पासून "ज्ञान पोस्ट" सुरू केलंय. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये असे त्याचे सुरुवातीचे दर ठरले, कर वेगळा. पार्सल जमिनीवरून जातं, त्यामुळे वेळ लागतो, पण त्याचा मागोवा घेता येतो. तुमचं पुस्तक त्या योजनेच्या व्याख्येत बसतं का आणि दर आज काय आहेत, ते हेड पोस्टात काउंटरवर विचारून घ्या. १६० पानांच्या पुस्तकाचं वजन पाकिटासकट ३०० ग्रॅमच्या आत बसवता आलं तर प्रत्येक प्रतीमागे पैसे वाचतात, म्हणून कागद निवडतानाच छापखान्याला प्रतीचं वजन विचारा.

ई-बुकसाठी किंडलवर मराठी पुस्तकं प्रकाशित करता येतात आणि खर्च जवळजवळ शून्य. फक्त फाइल युनिकोडमध्येच हवी. ते छापील पुस्तकानंतर दोन-तीन महिन्यांनी काढा, तोवर जवळचे वाचक प्रत घेऊन झालेले असतात.

डिसेंबर उजाडला की तीन गोष्टी करा. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांची जाहिरात बघा, त्यात प्रथम प्रकाशनासाठी वेगळे पुरस्कार असतात आणि प्रवेशिका कॅलेंडर वर्षाप्रमाणे मागवल्या जातात. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी प्रत पाठवा, त्या यादीत नाव आलं की ग्रंथालयांना खरेदी करणं सोपं जातं. आणि वहीत प्रत्येक नावासमोर प्रत गेली का, पैसे आले का, वाचून काय म्हणाले, हे भरून काढा. ज्यांनी वाचून फोन केला त्यांच्या नावावर खूण करा. दुसऱ्या पुस्तकाचं हस्तलिखित पहिल्यांदा त्यांच्याकडे जाईल.